गैरसोयीबद्दल क्षमस्व

मधु: नाही ताई, आधी तुझ्या ऑफिसातल्या त्या पोपटला भेटतो. घरी नंतर जाऊ.

हेमा: चहा तर पी. विमानातून उतरून सरळ इथे आलायस. बॅग तरी खाली ठेव.

मधु: ठेवली. आता बोल. असेल ना तो ऑफिसात? वागळे इस्टेट इथून रिक्षाने दहा मिनिटं. म्हणून तर तुला वर्तकनगरला बोलावलं.

हेमा: मध्या, आई सकाळपासून ओटीवर बसलीय. बहारीनचं विमान किती वाजता उतरतं ते तिने पाठ केलंय.

मधु: बसू दे अजून अर्धा तास. तीन आठवडे बसलीच आहे ना, बाबा गेले हे मला सांगायला.

हेमा: हळू बोल.

मधु: का? इथे पण लपवायचंय? या चहावाल्यापासून?

हेमा: पोपटला भेटून काय करणार तू?

मधु: विचारणार. की बाबा रे, तू माणूस आहेस का कोण आहेस? बाईचा बाप गेलाय, आणि तू तिच्या कॉम्प्युटरमध्ये असलं काहीतरी टाइप करून ठेवतोस? जो कोण मेल करेल त्याच्या तोंडावर फेकतोस? बुधवार होता, ताई. मी साइट ऑफिसला होतो, माझा नंबर लागायला अर्धा तास उभा राहिलेलो. मेल पाठवला आणि खुर्चीतून उठणार, तेवढ्यात उत्तर. तुला खरं सांगू? आनंद झाला मला. तुझं उत्तर इतक्या लवकर कधी येत नाही. म्हटलं, आज ताई समोरच बसलीय वाटतं.

हेमा: मध्या, बस कर.

मधु: पाठ झालंय मला. "वडिलांच्या दुःखद निधनामुळे मी सोळा तारखेपर्यंत रजेवर आहे. अर्जंट काम असेल तर मिस्टर पोपट यांच्याशी संपर्क साधावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व." सगळं इंग्लिशमध्ये. खाली तुझं नाव, तुझी पोस्ट, कंपनीचा फोन नंबर, फॅक्स नंबर. गैरसोय, ताई.

हेमा: ते साहेबांनी ठरवून दिलेलं वाक्य आहे. सगळ्यांच्या मेलला शेवटी तेच असतं.

मधु: मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्याकडे आलं. म्हणून परत पाठवला. ताई, हे काय आहे? परत तेच. मग लिहिलं, ताई, मी मधु आहे. परत तेच. माझ्या मागे लाइनीत माणसं उभी. एक जण म्हणतो, भाई, कितना टाइम लगेगा.

हेमा: चार मेल होते तुझे. तेरावं झालं, मी ऑफिसला गेले, तेव्हा वाचले. चौथ्यात नुसतं "ताई" एवढंच होतं.

मधु: त्याच्यापुढे काय लिहू सुचलं नाही. मग फोन लावला.

हेमा: घरी?

मधु: पोपटला. माझं अर्जंट काम होतं ना? दिलेला नंबर लावला. तो म्हणाला, येस, कोणत्या कंपनीकडून बोलताय? मी ठेवून दिला.

हेमा: तो तूच होतास? पोपट म्हणाला होता, गल्फमधून एक फोन आला आणि कट झाला. मी म्हटलं, मस्कतची पार्टी असेल.

मधु: पार्टी.

हेमा: त्याच्यावर नको चिडूस रे. चांगला माणूस आहे. सध्या तर दोन हजार साल येतंय म्हणून सगळे कॉम्प्युटर तपासत बसलेला असतो, जेवायला उठत नाही. आणि ही सोय वाईट नाहीये. गेल्या वर्षी मी गणूकाकांच्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस रजा घेतली, तेव्हा हे नव्हतं. बडोद्याचा एक माणूस रोज मेल करत राहिला. त्याला वाटलं, ही बाई मुद्दाम उत्तर देत नाही. शेवटी साहेबांकडे तक्रार. तेव्हापासून ऑर्डर निघाली, मेसेज लावल्याशिवाय कुणी रजेवर जायचं नाही. आणि खरंच फरक पडला. समोरच्याला निदान कळतं. वाट बघत राहत नाही.

मधु: कळतं. मला कळलं ना.

हेमा: त्या दोन आठवड्यांत मला एकतीस जणांनी दुखवट्याचे मेल केले. कोइमतूरचे, बडोद्याचे. ज्यांची तोंडं मी बघितलेली नाहीत अशा माणसांनी. एकाने लिहिलं होतं, माझे वडीलही याच महिन्यात गेले, मला माहीत आहे. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मधु: म्हणजे बडोद्याला कळलं, कोइमतूरला कळलं. बाबांच्या मुलाला पण त्याच कागदावर, त्याच अक्षरात. ऊठ. चल, त्याच्याकडे.

हेमा: मध्या, बस खाली.

मधु: त्याने एवढंच लिहायचं होतं, ती रजेवर आहे. कारण लिहायची गरज काय होती? कुणी सांगितलेलं त्याला?

हेमा: मी.

मधु: काय?

हेमा: बस ना. लोक बघतायत. मी सांगितलं त्याला.

मधु: तू नुसतं सांगितलं असशील, की बाबा गेले म्हणून येत नाही. आणि त्याने तेच…

हेमा: नाही. ऐक. बाबा सोमवारी गेले. मंगळवारी सकाळी मी ऑफिसला फोन केला. घर माणसांनी भरलेलं, आतल्या खोलीत आई आणि आत्या. पोपट म्हणाला, हेमा मॅडम, तुमचा मेसेज मी लावतो, काळजी करू नका. पर्सनल कारण लिहू का? मी म्हटलं, नको. स्पष्ट लिहा. वडील गेले असं लिहा. तो म्हणाला, मॅडम, हे बाहेरच्या प्रत्येकाला जाईल हां. कंपनीचे असोत, घरचे असोत, मशीन काही माणूस बघत नाही. चालेल ना? त्याने विचारलं, मध्या. बिचाऱ्याने नीट विचारलं.

मधु: आणि तू?

हेमा: मी म्हटलं, चालेल.

मधु: तेव्हा माझी आठवण नसेल झाली.

हेमा: झाली. तीच तर झाली. तू दर बुधवारी मेल करतोस. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

मधु: म्हणजे ठरवून.

हेमा: ठरवून नाही म्हणता येणार. पण माहीत होतं. आईने सोमवारी दुपारीच सगळ्यांना दम दिला होता, मधूला कुणी कळवायचं नाही. पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी तीन आठवड्यांनी, येता तर येणार नाही. तिथे परक्या मुलखात एकटा रडत बसेल, त्याला पाणी कोण देईल. आला की मीच सांगीन माझ्या तोंडाने. सगळे हो म्हणाले. मी पण हो म्हणाले. पण मला ते पटत नव्हतं. गणूकाकांनी अग्नी दिला तेव्हा सारखं वाटत होतं, तू तिकडे त्या क्षणी काय करत असशील. डबा खात असशील. हसत असशील कुणाशी तरी. ते सहन होईना.

मधु: मग एक फोन करायचा. दोन मिनिटांचा.

हेमा: नाही झाला. नंबर फिरवायला घेतला दोनदा. एकदा रिंग वाजली पण. तुझ्या रूमवरच्या कुणीतरी हॅलो म्हटलं आणि मी ठेवून दिला. काय बोलू? कुठून सुरू करू? आईला दिलेला शब्द, ते एक कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला तुझा आवाज ऐकायचा नव्हता, तू हे ऐकतानाचा. पोपटने विचारलं तेव्हा वाटलं, जाऊ दे. माझ्या तोंडून नाही, माझ्या हातून नाही. आपोआप जाईल.

मधु: आपोआप.

हेमा: वाटलं, ते वाचून तू लगेच फोन करशील, मग मी बोलेन. शुक्रवारी तू केलास. मी बाहेर होते, आई हसत हसत तुझ्याशी बोलली. मला वाटलं, सुटले, त्याला मेल मिळालाच नाही. मग ऑफिसला गेले आणि ते चार मेल. त्यानंतर तरी मी काय केलं? लिहिलं, कधी येतोस. एवढंच. तू कळवलंस, सोमवारी येतो. तू पण बाकी काही लिहिलं नाहीस.

मधु: मी काय लिहिणार?

हेमा: मला मार, शिव्या दे, पण पोपटकडे नको जाऊस. त्याने तुझा मेल वाचलाही नाही.

मधु: माझा पहिला मेल तू वाचलास?

हेमा: वाचला.

मधु: काय होतं त्यात?

हेमा: तुला माहीत आहे काय होतं.

मधु: तू बोल.

हेमा: कंपनी अजून दोन वर्षं देतेय, मी हो म्हणालोय. बाबांना तू सांग, ताई, मला नाही जमत.

मधु: बाबांनी सांगितलेलं, बस झालं आता, ये. दर फोनवर विचारायचे. मी म्हणायचो, हो बाबा, येतो, आता कायमचाच. आणि सही करून मोकळा झालेलो. म्हटलं, ताई सांगेल. ताई समजावेल त्यांना. मला त्यांचा आवाज ऐकायचा नव्हता, ते हे ऐकतानाचा. आताच तू म्हणालीस ना, तसाच.

हेमा: त्यांना काही कळलं नाही रे. तू येणार असं धरूनच गेले.

मधु: तेच तर. त्यांना अंधारात ठेवून मी तुला मेल करतोय, आणि ते त्याच्या दोन दिवस आधीच गेलेले. आणि मी त्या पोपटच्या नावाने तीन आठवडे दात खातोय. खाली-पीली.

हेमा: टोपी काढ जरा. घामाने भिजलायस.

मधु: नको.

हेमा: काढ म्हणते ना. अरे… हे कधी केलंस?

मधु: त्याच दिवशी, संध्याकाळी. केरळचा न्हावी आहे आमच्या कॅम्पजवळ. म्हटलं, सब निकालो. त्याने आरशात माझ्याकडे बघितलं, कौन गया विचारलं नाही, पैसे पण घेतले नाहीत. नुसता खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

हेमा: आईला काय सांगायचं? तिने ठरवलंय, तुला समोर बसवून, पाणी देऊन सांगणार. तिला वाटतंय, तुला काहीच माहीत नाही. करशील का, मध्या? पहिल्यांदा ऐकतोय असं? तिच्यासाठी?

मधु: टोपी घालून?

हेमा: टोपी घालून.

मधु: बघू. चल, रिक्षा बघ. बाळकुमला कुणी येत नाही लवकर.

(बाळकुम. घराची ओटी. मधु आणि हेमाची आई, ठमाबाई, दारातच उभी.)

ठमाबाई: आयलास! किती उशीर रं. इमान लेट झाला काय?

मधु: हो आई. जरा लेट झालं.

ठमाबाई: सुकलास पोरा. ये, बस इथं. बॅग राहू दे ती. हेमा, तांब्या भरून आन. पानी पी पयला.

मधु: आई, तू पण बस.

ठमाबाई: बसतंय. मधू, मना तुला एक सांगाचा हाय. घाबरू नको. पयला पानी पी. आनि ती टोपी काढ, घरान टोपी घालून बसलाय सायबासारखा.

मधु: राहू दे ना आई, डोकं दुखतंय.

ठमाबाई: मंग तर काढ. तेल चोलते. हात बाजूला घे.

हेमा: आई, राहू दे त्याला.

ठमाबाई: तू गप. निघाली बग टोपी. … कोनी सांगितला तुला?

मधु: कुणी नाही. ते असंच, तिकडे गरम होतं म्हणून…

ठमाबाई: असा कोन करत नाय. वस्तरा मारलेला हाय. कोनी सांगितला?

हेमा: मी सांगितलं, आई.

ठमाबाई: आता? रिक्षान?

हेमा: नाही. बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तोंडाने नाही सांगितलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहायला लावलं, ते बुधवारी त्याला गेलं. आणि जाणार हे मला माहीत होतं.

ठमाबाई: मी तुला बोललेली ना, नको कलवू?

हेमा: बोललेलीस. मी हो पण म्हटलेलं.

मधु: आई, तिला काही बोलू नको.

ठमाबाई: थांब. बुधवारीच कलला तुला. मंग सुक्रवारी फोन केलास, तवा तुला ठाव व्हता?

मधु: हो.

ठमाबाई: मी बोलली, बाबा झोपलेत.

मधु: हो.

ठमाबाई: तू बोललास, झोपू दे.

मधु: तू इतक्या मोठ्याने बोलत होतीस, आई. हसत होतीस. मला नाही जमलं.

ठमाबाई: आनि त्याचे पुढचे सुक्रवारी मी बोलली, कालेरला लग्नाला गेलेत. कोनाचा लग्न ते पन सांगितला.

मधु: लक्ष्मीमावशीच्या दिराचं.

ठमाबाई: तू इचारलास, जेवन काय व्हता.

मधु: विचारलं.

ठमाबाई: मी सांगितला पन. भात, वालाचा बिरडा, जिलेबी. फोन ठेवला आनि चुलीम्होरं बसून राहिली. म्हनला, कसला हा माझा तोंड. बाप गेलाय आनि पोराला लग्नाचा जेवन सांगतंय.

हेमा: आई…

ठमाबाई: तू कसा ऐकलास रं ता सगला? एकटा व्हतास?

मधु: फोनच्या वेळी एकटाच होतो.

ठमाबाई: आनि पयले दिवशी? ता वाचलास तवा? कोन व्हता जवल?

मधु: रूमवर अब्दुलभाई होते. त्यांना काही सांगितलं नाही मी, डोकं बघून समजले. पेज करून दिली. मी जेवलो नाही तर ते पण जेवले नाहीत.

ठमाबाई: पानी दिला?

मधु: दिलं.

ठमाबाई: बरा केला. बाबा, बरा केला त्यानी. मी इथं म्हनत व्हती, त्याला पानी कोन देनार. म्हनून तर नको बोलली. हेमा, ये, बस. उभी का?

हेमा: चुकलं माझं, आई. पण मला परत कुणी विचारलं असतं तरी मी नको म्हटलं नसतं. कळवायला हवंच होतं. फक्त तसं नको होतं.

ठमाबाई: तू चुकलीस, मी चुकली. मी पन तीन आठवरं काय केला? तू निदान खरा धाडलास. आई, आता मधूला…

हेमा: काय?

ठमाबाई: काय नाय. माझे सासूला आई बोलायची, तिलाच हाक मारत व्हती. असा काय झाला की तीच आठवते. मधू, आता जायाचा नाय ना परत?

हेमा: आई, ते काय आहे ना, मधूचं तिकडे…

मधु: ताई, तू नको. मी सांगतो. आई, मला जायचंय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. अजून दोन वर्षं. मी सही केली होती, बाबा होते तेव्हाच. त्यांना सांगितलं नव्हतं. ताईला सांगायला लावत होतो.

ठमाबाई: त्यांना म्हाइत नव्हता?

मधु: नाही.

ठमाबाई: दोन वरीस.

मधु: मोडता येईल का विचारतो. पण खरं सांगू का आई, मोडेल असं वाटत नाही. आणि मला मोडायचं आहे का, ते पण मला कळत नाहीये. इथे येऊन काय करू? मिठागर नाही, शेत नाही. समोर बघ, बिल्डिंगा झाल्यात. बाबांसमोर हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

ठमाबाई: ते रागावले असते.

मधु: हो.

ठमाबाई: दोन दिस बोलले नसते. मंग तिसरे दिवशी बोलले असते, त्याला सुकट बांधून दे. तू सांगाला पायजे व्हता रं.

मधु: पाहिजे होतं.

ठमाबाई: जा मंग. पन सुक्रवारी फोन करशील, तवा एक कर. मी बोलली ना, सगला बरा हाय, तर लगेच बरा म्हनू नको. इचार परत. दोनदा इचार.

मधु: विचारीन. तू पण मला विचार.

ठमाबाई: इचारीन.

हेमा: आई, आत चल. तुझं जेवण राहिलंय. त्याला पण भूक असेल.

ठमाबाई: नाय, बस. दोघं पन बसा. मना सांगाचा हाय.

मधु: आई, मला सगळं माहीत आहे आता. नको त्रास करून घेऊ.

ठमाबाई: तुला काय म्हाइत? बाबा गेले, एवरा म्हाइत. कागदावर तेवराच येते. कसे गेले, काय बोलले, कोन व्हता जवल, ता कुठं लिवलेला? तीन आठवरं मी रोज मनात सांगतंय तुला. भांडी घासताना सांगतंय, पानी भरताना सांगतंय. आता तू समोर हाइस आनि मी गप बसू?

मधु: नको. सांग.

ठमाबाई: मधी बोलू नको.

मधु: नाही बोलत.

ठमाबाई: सोमवार व्हता. सकालचे उठले, दार उघरला, इथंच तू बसलास तिथं उभे राहिले. मना हाक मारून बोलले, गो, आज वारा बग कसा सुटलाय.